धूर आणि वाफ : ई-सिगारेटविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

(भीमजयंती व बुद्धजयंतीच्या संयुक्त कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या व्यासपीठावरून वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याची संधी कार्यकारिणीने आम्हांस दिली, याबद्दल प्रथमत: आभार मानतो. मधुमेह आणि रक्तदाब यांवर या व्यासपीठावरून यापूर्वी अनेकदा बोलले गेले आहे. आज आम्ही जाणीवपूर्वक वेगळा विषय घेतला आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या तपासणी-कक्षात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, सिगारेट जास्त वाईट की ही नवी व्हेप जास्त वाईट?" मौजेची गोष्ट अशी की, विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच तयार असते, त्याला फक्त आमची सही हवी असते. काहींच्या मते व्हेप म्हणजे निव्वळ सुगंधी वाफ, तिने काय होणार? इतरांच्या मते ते यंत्र म्हणजे साक्षात विष, त्यापेक्षा आपली जुनी सिगारेट बरी. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींपायी माणसे आपल्या प्रकृतीची हानी करून घेत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या उत्तराने काय होते ते आधी सांगतो, कारण त्याची चर्चा कमी होते. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. मूळचे विदर्भातले, येथे बांधकामावर पर्यवेक्षक. वीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढत. २०१९ सालच्या एप्रिलमध्ये संयुक्त अरब अमिरातीत ई-सिगारेटच्या विक्रीस कायदेशीर मान्यता मिळाली, त्यानंतर त्यांनी ते यंत्र घेतले आणि दीड-दोन महिन्यांत त्यांची सिगारेट पूर्णपणे सुटली. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, सकाळचा खोकला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन बातम्या एकदम आल्या. अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसे निकामी होऊन तरुण माणसे दगावत असल्याची एक, आणि १८ सप्टेंबर २०१९ रोजी भारत सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातल्याची दुसरी. गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. गृहस्थांनी यंत्र कचऱ्याच्या पेटीत टाकले आणि त्याच संध्याकाळी खालच्या दुकानातून सिगारेटचे पाकीट आणले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "माहितीतले विष परवडले, डॉक्टर." पुढे दीड वर्षाने, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन स्टेंट बसले आणि ते वाचले. हा झटका यंत्र हाती राहिले असते तर आला नसता, असे कोणताही प्रामाणिक वैद्य शपथेवर सांगणार नाही. परंतु ज्या बातमीवरून त्यांनी निर्णय घेतला ती बातमी त्यांना अर्धीच कळली होती, हे मात्र आम्ही निश्चित सांगू शकतो.

उरलेली अर्धी बातमी अशी. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या फुप्फुसविकाराचे २,८०० हून अधिक रुग्ण इस्पितळात दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली, त्यांत ६८ मृत्यू होते. तपासाअंती बहुतांश रुग्णांनी गांजातील अंमली द्रव्य मिसळलेले द्रव ओढल्याचे आढळले, आणि ते द्रव पुष्कळदा अनधिकृत विक्रेत्यांकडून घेतलेले होते. ते दाट करण्यासाठी त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट नावाचा तेलकट पदार्थ मिसळला जाई. रुग्णांच्या फुप्फुसांतील स्रावात तोच सापडला. दुकानात मिळणाऱ्या साध्या निकोटीनच्या द्रवाशी या साथीचा संबंध प्रामुख्याने नव्हता. ही दुसरी बातमी मात्र कोणाच्याही थोरल्या भावापर्यंत पोचली नाही. मृत्यूची बातमी वाऱ्यावर स्वार होते, तिचा खुलासा पायी येतो.

हा अनुभव केवळ आपल्या मंडळींचा आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या मतांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली आहे. २०१४ साली तेथील सुमारे ४४ टक्के धूम्रपान करणारे ई-सिगारेटला सिगारेटपेक्षा कमी घातक मानत; २०२३ सालापर्यंत हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले. म्हणजे शास्त्रीय माहिती वाढत गेली आणि समज उलट्या दिशेने गेला. त्याच इंग्लंडच्या सरकारने २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचे संच देण्याची योजना जाहीर केली, हेही लक्षात घ्यावे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. सिगारेटच्या जळत्या टोकाचे तापमान झुरका घेताना सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. त्या उष्णतेत तंबाखूचे पान जळते आणि त्यातून ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये तयार होतात; त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक म्हणून ज्ञात आहेत. डांबरासारखा चिकट पदार्थ फुप्फुसात साचतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. धूम्रपानाने होणारे कर्करोग, हृदयविकार आणि फुप्फुसांचे जुनाट विकार यांचे मूळ मुख्यत: या जळण्यात आहे.

ई-सिगारेटमध्ये पान नाही आणि आगही नाही. बॅटरीच्या साहाय्याने एक तार तापते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरिन यांत विरघळवलेले निकोटीन आणि स्वाद यांचे सूक्ष्म तुषार बनतात. चीनमधील हॉन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने २००३ साली या यंत्राचा आजचा प्रकार विकसित केला. जळणे नसल्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जानेवारी २०१८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, सिगारेट पूर्णपणे सोडून तिच्या जागी ई-सिगारेट घेतल्यास शरीरात जाणारी विषारी द्रव्ये पुष्कळच कमी होतात. 'पूर्णपणे' या शब्दाखाली आपण मनातल्या मनात रेघ ओढावी, ही विनंती. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तथापि 'वाफ' हा शब्दच फसवा आहे. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ. येथे द्रवाचे तुषार फुप्फुसाच्या खोल पोकळ्यांपर्यंत जातात. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांसारख्या धातूंचे अंश त्यांत उतरल्याचे आढळले आहे. तार कोरडी पडून जास्त तापली की फॉर्मल्डिहाइड तयार होते. खाण्यास निर्धोक असलेला आंब्याचा स्वाद फुप्फुसासही निर्धोक असतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पोट आणि फुप्फुस ही दोन निराळी इंद्रिये आहेत. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली ई-सिगारेट सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचे जाहीर केले. तो आकडा येथील विक्रेत्यांच्याही तोंडी असतो. परंतु तो प्रयोगशाळेत मोजलेला आकडा नव्हता. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेला तो अंदाज होता, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच वर्षी त्यावर कठोर टीका केली. कमी घातक म्हणणे रास्त आहे. किती कमी, हे ठामपणे सांगण्यास तीस-चाळीस वर्षांचा अनुभव लागेल, आणि हे यंत्र बाजारात येऊन तेवढी वर्षे झालेली नाहीत.

सिगारेटची हानी कळावयासही काळ लागला, याचे स्मरण ठेवावे. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी धूम्रपानाचा संबंध १९५० साली दाखवला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल १९६४ साली आला. त्यापूर्वी सिगारेट ओढणारे डॉक्टर रुग्णाला तपासता तपासता धूर सोडीत.

बंधू-भगिनींनो, 'ही वस्तू त्या वस्तूपेक्षा निर्धोक' हे आश्वासन तंबाखूच्या इतिहासात प्रथमच दिले जात आहे असे नाही. तंबाखू भारतात पोर्तुगिजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा अकबराचा वकील विजापूरहून तंबाखू आणि चिलीम घेऊन परतला, तेव्हा दरबारातील हकिमांमध्ये ती घ्यावी की न घ्यावी यावर वाद झाला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे हुक्का आला, आणि पाण्यातून धूर गाळला जातो हा समज त्याच्याबरोबर आला. तो समज आज चारशे वर्षांनंतरही येथील शिशा-गृहांत कायम आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुटीच्या रात्री तेथे जातात म्हणून मुद्दाम सांगतो : जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ-गटाच्या अनुमानानुसार तासभराच्या एका बैठकीत शिशा ओढणारा एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट आकारमानाचा धूर आत घेतो. पाणी धूर थंड करते, विष गाळीत नाही. येथील स्थानिक मिदवाख या लहान चिलमीतून ओढली जाणारी दोखा तंबाखू चिमूटभरच असते, म्हणून ती किरकोळ वाटते. तिच्यातले निकोटीन मात्र अतिशय तीव्र असते.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आमच्या लहानपणी घरोघरी आया-आज्या सकाळी मिश्री लावीत. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दातांना बळकटी देते, हा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. आपण तंबाखू खातो असे त्यांना कधी वाटलेच नाही. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसले. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, बाकी सर्व खर्रा, मावा, तंबाखू-चुना आणि मिश्री. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी ही सवय गेली नाही.

आणि विडी. विडीचा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातील तेंदूपान, आणि ते वळणारे हात बहुश: आपल्या आया-बहिणींचे. ज्या 'जयभीम'ने आपण एकमेकांस अभिवादन करतो तो रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना उभी केली. १९३७ साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले, आणि १२ जानेवारी १९३९ रोजी वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या क्षयाचा विडीशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या वस्तूने आपल्या माणसांच्या हातांना काम दिले तिने मजुरी कमी दिली आणि धूळ अधिक दिली, ही वस्तुस्थिती आहे. तंबाखूची ती धूळ वळणाऱ्याच्या श्वासात जाते, निकोटीन त्वचेतूनही शिरते. 'विडी पानाची, नैसर्गिक, तिच्यात कागद नाही,' म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असे आमचे कित्येक रुग्ण आजही सांगतात. तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते, म्हणून विडी विझू नये यासाठी झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात. विडीत सिगारेटच्या सुमारे चौथाई तंबाखू असते. तरी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८ वर्षांनी घटल्याचे दिसून आले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची घट १० वर्षांची होती.

पाश्चात्त्य कंपन्यांनीही हेच केले, फक्त वेष्टन अधिक चकचकीत. १९५२ साली अमेरिकेत केंट सिगारेटला एक खास फिल्टर बसवण्यात आला आणि त्याची आरोग्यरक्षक म्हणून जाहिरात झाली. त्या फिल्टरमध्ये निळे अॅस्बेस्टॉस होते! पुढे 'लाइट' सिगारेट निघाली. फिल्टरच्या कडेला सूक्ष्म छिद्रे पाडून यंत्रावर मोजलेले डांबर कमी दाखवले जाई. माणूस मात्र बोटांनी वा ओठांनी ती छिद्रे झाकी आणि खोल झुरके घेऊन आपले निकोटीन वसूल करी. २००६ साली अमेरिकेतील संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी जनतेची जाणूनबुजून फसवणूक केल्याचा निर्णय दिला. हा इतिहास ज्याने वाचला तो ई-सिगारेटच्या जाहिरातीकडे संशयाने पाहणारच, आणि त्याने पाहावेच. परंतु संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे. फिल्टर लावल्याने सिगारेट जळावयाची थांबली नव्हती. या यंत्रात मात्र जळणे खरोखरच नाही. हा भेद मान्य केलाच पाहिजे.

समज बनतात कशावरून? आम्हांस असे दिसते की, आपली मंडळी बहुधा कायद्यावरून आणि नाकावरून निदान करतात. येथे मॉलमध्ये काचेच्या कपाटात यंत्र विक्रीस आहे, अर्थी ते निर्धोक; नागपुरात ते बाळगल्यास पोलीस धरतील, अर्थी ते विष. वस्तुत: येथील शासनाने विक्रीस मान्यता दिली ती मानके ठरवून, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्रीची मनाई करून, आणि २०१९ सालच्या अखेरीपासून सिगारेटप्रमाणेच १०० टक्के उत्पादन शुल्क लावून. भारताने मुलांना व्यसन लागू नये या भूमिकेतून बंदी केली, आणि त्याच वेळी विडी-सिगारेटची विक्री चालू ठेवली. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यास सरकार यंत्र देते, पण एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपवर तेथेही १ जून २०२५ पासून बंदी आहे. एकच वस्तू, तीन देश, तीन धोरणे. फुप्फुस मात्र पारपत्र पाहून आजारी पडत नाही. आपल्या मुलाचे, भाच्याचे वा बहिणीचे घर या तिन्हींपैकी कोठेही असू शकते, म्हणून कायदा हा प्रकृतीचा दाखला समजू नये.

नाकाचे निदान याहून वाईट. सिगारेटचा वास कपड्यांना लागतो, व्हेपला आंब्याचा वा पुदिन्याचा सुगंध असतो. म्हणून जो गृहस्थ आजवर सिगारेटसाठी इमारतीखाली उतरत असे, तो आता शयनगृहात, तान्ह्या बाळाच्या शेजारी, यंत्र ओढतो. त्याच्या पत्नीने हरकत घेतली तर 'यात धूर कुठे आहे?' हे उत्तर मिळते. त्या तुषारांत निकोटीन असते, आणि ते खोलीत पसरते. द्रवाची कुपी बाळाच्या हाती लागली तर काय होईल याचा विचार तर कोणी करीतच नाही. लहान मुलास निकोटीनचे थोडे द्रवही प्राणघातक ठरू शकते. फिनेलची बाटली आपण जशी उंच फळीवर कुलुपात ठेवतो तशी ती ठेवावी.

आणखी एक गोष्ट मोजमापाची. सिगारेट संपते. पाकिटात वीस असतात, रात्री रिकामे पाकीट समोर दिसते आणि माणूस स्वत:शी तरी ओशाळतो. यंत्र संपत नाही. ते गळ्यात वा खिशात असते आणि दर पाच-दहा मिनिटांनी तोंडाशी जाते. विचारले तर कोणालाही आकडा सांगता येत नाही. २०१५ नंतर निकोटीनच्या क्षारांचा वापर वाढला, त्यामुळे घशाला ठसका न लागता पुष्कळ निकोटीन आत जाऊ लागले. निकोटीन स्वत: कर्करोग करते असा पुरावा नाही. याबाबत अमेरिकेतील एका पाहणीत दर पाचांपैकी सुमारे चार डॉक्टरांनीही चुकीचे उत्तर दिले होते, तेव्हा सामान्य माणसास दोष देता येणार नाही. निकोटीन बांधून ठेवते. नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि गर्भावस्थेत व वाढत्या वयात मेंदूस अपाय करते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत असे विद्यार्थी आहेत की, ज्यांनी आयुष्यात एकही सिगारेट ओढलेली नाही आणि जे आता परीक्षेच्या तीन तासांत यंत्रावाचून बसू शकत नाहीत. त्यांच्यासाठी सिगारेटशी तुलनाच गैरलागू आहे. जो मुळात धूर घेत नव्हता त्याच्यासाठी 'कमी घातक' या शब्दांना अर्थ नाही. त्याची तुलना स्वच्छ हवेशी झाली पाहिजे.

पंचशीलातील पाचवे शील आपण सर्व जण ग्रहण करतो. त्यात तंबाखूचे नाव नाही, कारण भगवान बुद्धांच्या काळी भारतात तंबाखू नव्हती. या पळवाटेचा आधार घेणारे उपासक आम्ही पाहिले आहेत. एका तरुणाने तर आमच्यापुढे विनयपिटकच ठेवले. महावग्गातील भेषज्य-प्रकरणात पिलिंदवच्छ या भिक्खूला शिरोवेदना होत असताना भगवंतांनी औषधी धूर नळीवाटे घेण्यास अनुमती दिल्याचा प्रसंग आहे. त्या नळीला 'धूमनेत्त' म्हटले आहे. तरुणाचे वाचन पाहून आम्हांस आनंद झाला. पण प्रसंग तेथे संपत नाही. पुढे काही भिक्खू सोन्या-रुप्याच्या नळ्या मिरवू लागले, तेव्हा त्यांना मनाई करण्यात आली आणि नळी कशाची असावी याचे नियम घालून दिले गेले. म्हणजे आजाऱ्याला आजारापुरती मोकळीक, आणि तिची चैन होऊ लागताच बंधन. ई-सिगारेटविषयी आमचे वैद्यकीय मत याहून फार निराळे नाही. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा गुरुवचनावर विसंबू नका, स्वत: पारखून पाहा, असा जो उपदेश कालामांना केला गेला, तो व्हॉट्सअॅपवरील संदेशांनाही लागू पडतो आणि या डॉक्टरच्या व्याख्यानालाही.

मग धूम्रपान करणाऱ्याने करावे काय? सर्वांत उत्तम म्हणजे दोन्ही सोडणे. त्यासाठी निकोटीनच्या चकत्या व च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन ही तपासलेली औषधे आहेत, आणि या देशात धूम्रपानमुक्तीची केंद्रेही आहेत. ई-सिगारेटचा उपयोग होतो का? होतो. २०१९ साली इंग्लंडमध्ये ८८६ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत वर्षअखेर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के आणि चकत्या-च्युइंगगमच्या गटात ९.९ टक्के होते. जवळजवळ दुप्पट. परंतु त्या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही यंत्र ओढतच होते. सिगारेट सुटली, बेडी बदलली. तरीही आम्ही म्हणू की, वीस वर्षे पाकीट ओढणाऱ्यासाठी ही बदललेली बेडी हलकी आहे; फक्त ती काढण्याचा दिवसही ठरलेला असावा.

बहुसंख्य लोक मात्र यातले काहीच करीत नाहीत. ते दोन्ही ओढतात. साइटवर सिगारेट, घरी आणि गाडीत यंत्र. 'वीसाच्या पाचावर आलो डॉक्टर, तीन हिस्से धोका गेला.' येथे त्या 'पूर्णपणे' शब्दाचे काम पडते. हृदयाचा हिशेब बेरीज-वजाबाकीने चालत नाही. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या निम्म्याच्या जवळपास भरतो. वीसाच्या एकावर आले तरी निम्मा धोका शिल्लक! आपण दक्षिण आशियाई; आपल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, असे अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. त्यात येथील उष्मा, रात्रपाळी, चौघा-सहांची सामाईक खोली, गावी पाठवावयाची रक्कम आणि न सांगता येणारी चिंता. छावणीतला बांधव सिगारेट चैनीसाठी ओढतो असे समजणारे सुखी आहेत. त्याला ती दिवसातली एकमेव उसंत असते. त्याला दटावून काही साधत नाही. 'तुझ्यासाठी चकत्यांची सोय आम्ही करतो, दर शुक्रवारी फोन करतो,' असे म्हणणारे दोन कार्यकर्ते आपल्या संस्थेने प्रत्येक छावणीसाठी नेमावेत, ही आमची सूचना कार्यकारिणीने विचारात घ्यावी.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. जे बांधव उन्हाळ्यात वा धम्मचक्र प्रवर्तनदिनासाठी दीक्षाभूमीस जाणार आहेत, त्यांनी यंत्र सामानातून भारतात नेऊ नये. २०१९ च्या कायद्यानुसार ई-सिगारेटची आयात हा गुन्हा असून पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. मित्रासाठी भेट म्हणून नेलेले यंत्रही त्यातून सुटत नाही. आणि जे यंत्राच्या आधारे सिगारेटपासून दूर आहेत त्यांनी सुटीच्या महिन्यासाठी चकत्या वा च्युइंगगम येथूनच डॉक्टरी चिठ्ठीसह बरोबर न्यावे, अन्यथा गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरील सिगारेट पुन्हा हाती येते. असे झालेले आम्ही दरवर्षी पाहतो.

सभागृहाबाहेर मेजावर एक छोटे यंत्र ठेवले आहे. त्यात फुंकर घातली की श्वासातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसतो. सिगारेट, विडी, शिशा ओढणाऱ्यांचा आकडा चढलेला दिसेल. केवळ व्हेप ओढणाऱ्याचा आकडा धूम्रपान न करणाऱ्यासारखा येईल, आणि त्याने तेवढ्यावरून पेढे वाटू नयेत, कारण निकोटीन आणि ते तुषार या यंत्राला दिसत नाहीत. आकडा ज्याचा त्यालाच सांगितला जाईल, वहीत नाव लिहिले जाणार नाही. भोजनास अद्याप अर्धा तास आहे. महिला व तरुणांसाठी वेगळी रांग केलेली आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.